मोठ्या अक्षराची कळ

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या वाचनालयात नकाशांच्या कपाटाशेजारी एक काळे, जड, अंगाने आडवे यंत्र ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. जाता-येता तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्या कळांवर बोट मारतो, खट् असा आवाज झाला की दचकतो आणि बाईंनी डोळे वटारले की पळ काढतो. ते यंत्र म्हणजे मी, एक जुना टाइपरायटर. आज बाई रजेवर आहेत आणि तुम्ही गप्प बसला आहात. असा योग पुन्हा येईल न येईल, म्हणून माझी हकीकत आजच सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांवर माझ्यासारखी शेकडो यंत्रे ओळीने मांडलेली असत. एका चष्मेवाल्या कारागीर बाईने माझ्या दांड्यांच्या टोकांवर अक्षरे बसवली. प्रत्येक दांडीवर अक्षर एकच, पण त्याची रूपे दोन. एक लहान, एक मोठे. आपल्या लिपीत असला प्रकार नाही. क तो कच, मग तो कपाटात असो की कोणाच्या नावात. इंग्रजीत मात्र अक्षराला घरचे कपडे वेगळे आणि बाहेरचे वेगळे. नुसती कळ दाबली की माझ्यातून लहान अक्षर उमटे. कडेची शिफ्टची कळ दाबून धरली की माझी कागदाची गाडी गव्हाच्या दाण्याएवढी वर उचलली जाई आणि त्याच अक्षराचे मोठे रूप उमटे. त्या बाईने शेवटी शिफ्ट दाबून एक मोठे अक्षर उठवले, कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "छान. मान ताठ आहे याची." मला वाटले, आता आपल्याला कोणी हरवू शकत नाही.

तिथून मी एका बंदराच्या कचेरीत आलो. कचेरी दुमजली होती. वर वायरलेसची खोली, खाली आम्ही. बोटी अनेक देशांच्या येत, म्हणून तिथला कागद न् कागद इंग्रजीतच लिहिला जाई. माझे टेबल खिडकीला लागून होते. खिडकीतून बोटी उतरवायचा दगडी उतार दिसे, जाळी वाळत घातलेले खांब दिसत आणि त्यापलीकडे समुद्र.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईंना सगळे टायपिस्टताई म्हणत. ताई सकाळी आल्या की आधी माझ्यावर फुंकर मारत आणि मगच खुर्चीत बसत. दर शनिवारी जुन्या दात घासायच्या ब्रशने त्या माझी अक्षरे साफ करत. गोल अक्षरांच्या पोटात शाई साचते, ती टाचणीने काढत. "पोट साफ तर सगळं ठीक," असे त्या मला म्हणत आणि चोरून साहेबांकडे बघत.

साहेब म्हणजे बंदराचे मोठे साहेब. त्यांच्यात मोठे काय होते, पद की पोट, यावर बंदरात दोन मते होती. माणूस मनाने चांगला, पण त्यांना एक खोड होती. जी वस्तू त्यांना महत्त्वाची वाटे तिला ते मोठे अक्षर देत. त्यांच्या हातच्या मसुद्यात दोर मोठ्या अक्षराने सुरू होई, कंदील मोठ्या अक्षराने, बादलीसुद्धा.

"साहेब, बादलीला मोठं अक्षर कशाला?" ताईंनी एकदा विचारले.

"अहो, आग विझवायची बादली आहे. महत्त्वाची."

"महत्त्वाची असली तरी बादलीच ना? जगातल्या सगळ्या बादल्यांना बादलीच म्हणतात. ते सामान्यनाम झालं. तिचं एकटीचं असं नाव आहे का काही?"

"मग गावाच्या नावाला का देता तुम्ही?"

"गाव म्हटलं तर कुठलंही असेल. नाव घेतलं की ते एकच. रस्त्यात कोणाला नुसतं 'गाव कुठंय हो' असं विचारून बघा."

साहेब जरा विचारात पडले. "आणि साहेब?"

"नुसते साहेब छप्पन असतात," ताई म्हणाल्या. "पण तुमच्या सहीखाली तुमच्या नावाला जोडून पद येतं, तिथं देते की मी मोठं अक्षर. काळजी नको."

साहेब हसले. बादली पुन्हा लहान झाली. दुसऱ्या दिवशी शिडी मोठी झाली, तो भाग वेगळा.

बोटींच्या बाबतीत मात्र ताईंना फार जपावे लागे. नाव ठेवताना लोक कोणताही साधा शब्द उचलतात. एका बोटीचे नाव होते पहाट, एकीचे आजी. मोठे अक्षर द्यायचे राहिले तर नोंदवहीत लिहिले जायचे की पहाट संध्याकाळी सहा वाजता आली आणि आजीच्या बुडाला भोक पडले आहे. म्हणून बोटीचे नाव आले की ताईंची करंगळी आपोआप शिफ्टवर जाई. माझी गाडी टुणकन उचलली जाई. मला त्या क्षणी फार बरे वाटे. कोणाची तरी ओळख करून देताना आपण उठून उभे राहतो ना, तसे.

अशी बारा-तेरा वर्षे गेली. परगावचे कप्तान माझा कागद हातात घेऊन म्हणत, "काय स्वच्छ टाइप आहे!" त्या दिवशी ताई माझ्यावर आच्छादन घालताना ते दोनदा सारखे करत.

मग माझी शिफ्टची कळ कुरकुरू लागली.

समुद्राची हवा खारट असते. ती लोखंडाला हळूहळू खाते. शिफ्टची कळ आणि माझी गाडी यांना जोडणारी एक बारीक पिन आत झिजत चालली होती. आधी मोठी अक्षरे ओळीच्या जरा वर तरंगू लागली. मग त्यांचे पाय तुटले, नुसतीच डोकी उमटू लागली. ताईंनी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, "चालतंय ना अजून? बघू." ताईंनी दुसरा अर्ज लिहिला. साहेबांनी तो पहिल्याच्या वर ठेवला. तिसऱ्या अर्जाच्या आठवड्यात पिन तुटली. आता शिफ्ट दाबली की ती नुसती खाली जाई. माझी गाडी जागची हलत नसे.

ताईंनी त्यावर तोड काढली. मोठ्या अक्षराची जागा त्या कोरी सोडत आणि कागद बाहेर काढल्यावर ती पेनाने भरत. एका कागदाला दुप्पट वेळ लागे. मला तर तोंड वर करवत नसे. दात पडलेल्या माणसासारखी माझी ओळ कोऱ्या जागांसकट बाहेर येई आणि ताई एकेक दात हाताने बसवत.

मित्रांनो, त्यानंतरची गोष्ट सांगताना अजून माझ्या दांड्या एकमेकींत अडकतात. पण सांगतो.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. दहा वाजेपर्यंत समुद्र राखेच्या रंगाचा झाला आणि लाटा उताराच्या वरच्या दगडांवर फुटू लागल्या. मासेमारीच्या बहुतेक बोटी आदल्या दिवशीच परतल्या होत्या. एक परतली नव्हती. तिच्यावर तीन भाऊ होते, जाळीवाल्या मावशीचे मुलगे: थोरला, मधला आणि धाकटा.

जाळीवाली मावशी आमच्या खिडकीखालीच बसायची. फाटकी जाळी दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारे बंदरात कोणी नव्हते. तिचा नवरा, ज्याला सगळे बाबा म्हणत, एकेकाळचा पट्टीचा नावाडी होता. आता गुडघ्यांनी त्याला किनाऱ्यावर बसवले होते. थोरल्याची बायको सासूजवळ बसून सुईत दोरा ओवून द्यायची. घरात इंग्रजी अक्षरे वाचणारी ती एकटीच. कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली की सगळे तिलाच पुढे ढकलत. "सूनबाई, बघ गं काय लिहिलंय."

साडेअकराच्या सुमारास वरून वायरलेसवाला धडधडत खाली आला. त्याच्या हातात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडच्या बंदरातून संदेश आला होता आणि तो सगळ्या बंदरांनी फळ्यावर लावायचा होता. त्यात वाऱ्याचा इशारा होता आणि शेवटी एक ओळ होती. थ्री ब्रदर्स लॉस्ट नियर नॉर्थ पॉइंट. उत्तर टोकाजवळ 'थ्री ब्रदर्स' नावाची बोट बुडाली, असा तिचा अर्थ. ती बोट लांबच्या बंदरातली, आमच्याकडे कधी न आलेली. थ्री ब्रदर्स म्हणजे तीन भाऊ. असेल कोणा तीन भावांनी मिळून बांधलेली.

ताईंनी कागद माझ्यात घातला. टाइप करायला सुरुवात केली. मोठे अक्षर आले तिथे जागा कोरी सोडली. साहेब दारात उभे होते. वाऱ्याने दार त्यांच्या हातातून सुटत होते.

"झालं का? लोक फळ्यापाशी जमलेत."

"मोठी अक्षरं पेनानं भरायची आहेत. दोन मिनिटं द्या."

"राहू द्या हो ते लहान-मोठं! इथं छप्पर उडायची वेळ आली आणि तुम्ही अक्षरं कसली रंगवताय? सरळ टाइप करा आणि द्या."

ताईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तो कागद काढला, दुसरा घातला आणि सगळी नोटीस लहान अक्षरांत सरळ टाइप केली. शेवटच्या ओळीशी त्यांची करंगळी सवयीने शिफ्टवर गेली. तिने कळ खाली दाबली. मी जिवाच्या आकांताने गाडी उचलायला बघितले. काही हलले नाही. माझ्यातून बोटीच्या नावाचे दोन्ही शब्द लहान अक्षरांनीच उमटले. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि ते बाहेर पडले.

फळ्याभोवतीच्या गर्दीत सूनबाई सर्वांत पुढे होती. मला तिची पाठ दिसत होती. तिने इशारा वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला ती थांबली. तिने कागदाला नाक लागेल इतके जवळ जाऊन पाहिले. पुन्हा पाहिले. मग ती वळली आणि तिथेच खाली बसली.

"तीन भाऊ..." एवढेच ती म्हणाली. "उत्तर टोकाजवळ."

पुढचे कोणाला सांगावे लागले नाही. बंदरातून समुद्रावर गेलेले तीन भाऊ एकाच घरचे होते.

मावशी रडली नाही. ती हातातल्या जाळ्याचे एकेक घर बोटांनी चाचपत राहिली. बाबा मात्र उठला. ज्या माणसाला दोन पायऱ्या चढायला काठी लागे, तो काठी टाकून उतारावर निघाला. कोपऱ्यात एक लहान वल्ह्यांची होडी पालथी घातलेली होती. ती त्याने एकट्याने सरळ केली. दोन शेजारी धावले. मला वाटले ते त्याला आवरतील. पण त्यांनी होडीच्या दोन्ही बाजू धरल्या. पोरांना निदान घरी आणू, असेच त्यांच्याही मनात असावे. त्या समुद्रात ती होडी म्हणजे काडेपेटी होती.

इतक्यात वायरलेसवाला पुन्हा खाली आला. "ताई, मावशींच्या पोरांचं कुठून कळलं?"

"कुठून म्हणजे? काहीच आलेलं नाही त्यांचं."

"मग खाली सगळे म्हणतायत की नोटीस लागलीये, तीन भाऊ गेले म्हणून."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता. अंधारात पायरी चुकल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी टेबलावरची पेन्सिलीची चिठ्ठी उचलली आणि त्या धावत सुटल्या. जाताना साहेबांच्या अंगावरच आदळल्या.

"साहेब, भोंगा वाजवा! त्यांना परत बोलवा! ते बोटीचं नाव आहे, बोटीचं!"

साहेबांना समजायला एक क्षण लागला. मग तो जड माणूस जिन्यावरून असा चढला की वरून चुना पडला. बंदराच्या भोंग्याचे तीन लांब सूर म्हणजे 'असाल तिथून परत फिरा'. ते तीन सूर वाऱ्याला चिरत गेले. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

होडी पहिल्या लाटेपलीकडे गेली होती. ताई उतारावर घसरत, सावरत, होडीमागून पाण्याशी येऊन बसलेल्या सूनबाईपर्यंत पोचल्या. वाऱ्यात एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यांनी चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि बोटीच्या नावातल्या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवर बोट ठेवले. सूनबाईने पाहिले. वायरलेसवाल्याने पेन्सिलीने काढलेली ती दोन अक्षरे खांबांसारखी मोठी होती. तिचा चेहरा बदलला. ती उठली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून दोन्ही हात हलवत ओरडू लागली, "बाबा! ती बोट आहे! आपली माणसं नाहीत, बोट आहे!"

तिचे शब्द होडीपर्यंत पोचले की नाही, माहीत नाही. भोंगा पोचला. शेजाऱ्यांनी होडी वळवली. वळतानाच एक लाट आडवी आली. होडी कलंडता कलंडता वाचली, पण बाबा होडीच्या काठावर आपटला. त्याला उचलून आणले तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यातून लोंबत होता. तो मात्र एकच विचारत होता, "बोट म्हणजे? कसली बोट? मग माझी पोरं कुठं आहेत?"

"त्यांचं अजून काही कळलेलं नाही, बाबा," ताई म्हणाल्या.

'काही कळलेलं नाही' हे शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांत आनंदाचे पाणी आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यांना कचेरीतच आणले. बाबाला बाकावर झोपवले, डॉक्टरांना बोलावणे गेले. सूनबाई ओल्या कपड्यांनी माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, शाळेत आम्हाला शिकवलं होतं, नाव असलं की पहिलं अक्षर मोठं. म्हणून मी दोनदा नीट बघितलं. मोठं असतं तर मी म्हटलं असतं, ही बोट असेल. ते लहान होतं हो. बाकीही सगळं लहानच होतं, ते घाबरून लक्षातच आलं नाही."

"तू बरोबर वाचलंस," ताई म्हणाल्या. "चुकलं ते माझं. त्या ओळीवर पेन फिरवायला किती वेळ लागला असता?"

साहेब दारात होते. त्यांनी खाली मान घालून सांगितले, "चुकलं ते माझं आहे. यांचे तीन अर्ज माझ्या टेबलावर पडून आहेत. आज दोन मिनिटं मागितली, तीही मी दिली नाहीत."

मला तेव्हा बोलता येत असते तर मीही म्हटले असते, चुकलं ते माझं.

मावशी म्हणाली, "चूक नंतर वाटून घ्या. त्या बोटीवर कोण होतं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"दुसऱ्या कोणाच्या घरी आत्ता हेच चाललं असेल ना? कोण होतं तिच्यावर?"

"चार खलाशी होते एवढंच कळलंय, मावशी," वायरलेसवाला म्हणाला. "शोध चालू आहे."

"खलाशी तर माझी पोरंही आहेत," मावशी म्हणाली. "आज फळ्यावर तीन भाऊ म्हणून लागले, ते कोणाचेही असू शकत होते, म्हणूनच माझे ठरले. त्या चौघांना नावं असतील. ती विचार."

दुसऱ्या दिवशी वारा पडला. सकाळी नऊच्या सुमारास मोडक्या डोलकाठीची एक बोट बंदरात शिरली. तिघे भाऊ रात्रभर एका बेटाच्या आडोशाला थांबले होते. थोरला कचेरीत येऊन हसत म्हणाला, "काय, आमची आठवण काढली का कोणी?" मावशीने पुढे होऊन त्याच्या गालावर एक ठेवून दिली आणि मग त्याच्या गळ्यात पडून अशी रडली की मधला आणि धाकटा घाबरून दारातच उभे राहिले.

साहेबांनी त्याच दुपारी मला उचलले. शिपायाला हात लावू दिला नाही. मी काही हलका नाही. बाजारापर्यंत जाताना ते तीनदा थांबले, पण मला जमिनीवर टेकवले नाही. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाने मला उलटे केले, आत टॉर्च मारला आणि चिमट्याने तुटक्या पिनेचा तुकडा बाहेर काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला. तो तांदळाच्या दाण्याएवढा होता.

"एवढंच?" साहेबांनी विचारले.

"एवढंच. अर्ध्या तासाचं काम. आधीच का नाही आणलंत?"

तो तुकडा साहेबांनी रुमालात बांधून घेतला आणि तिथून मला घेऊन थेट बाबाच्या घरी गेले. मी उंबऱ्याजवळ खाली होतो. आत काय बोलणे झाले ते मला सगळे ऐकू आले नाही. एवढे ऐकले की बाबा म्हणाला, "हात गेला तर गेला. भोंगा वाजवायला तुम्ही धावलात, हे मी विसरणार नाही. पण साहेब, पोरं गेली असं समजून माझ्या बायकोनं काढलेला तो अर्धा तास तुम्ही कुठून परत आणणार?" त्याचा हात पुढे कधीच खांद्यावर उचलला गेला नाही. साहेब दर आठवड्याला त्याच्याकडे जात. दोघे फारसे बोलत नसत, नुसते बसत.

चौथ्या दिवशी उत्तर टोकाकडून संदेश आला. 'थ्री ब्रदर्स'वरचे तिघे एका मालवाहू जहाजाला सापडले होते. चौथा सापडला नाही. वायरलेसवाल्याने मावशीच्या सांगण्यावरून विचारलेली नावेही आली होती, चारही.

ताईंनी माझ्यात नवा कागद घातला. त्या दिवशी कोणी घाई केली नाही. साहेब टोपी काढून उभे होते. मावशी आणि सूनबाई टेबलाशी आल्या. ताईंची करंगळी शिफ्टवर गेली आणि माझी गाडी उचलली गेली, आवाज न करता, पूर्वीसारखी. जगलेल्या तिघांची नावे उमटली. मग थोडी जागा सोडून चौथे. दुरुस्तीनंतर मी लिहिलेला तो पहिलाच कागद.

"यातलं त्याचं कुठलं?" मावशीने विचारले. सूनबाईने तिचे बोट धरून त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवले. सुया टोचून टोचून जाड झालेले ते बोट. सूनबाईने नाव वाचले. मावशीने ते तिच्यामागून म्हटले. परक्या मुलखातले नाव, तिच्या जिभेवर नीट बसेना. सूनबाईने मान हलवली. मावशीने पुन्हा म्हटले. चौथ्या वेळी बरोबर आले. मग ती उठली आणि खिडकीखाली जाऊन आपल्या जाळ्याशी बसली.

त्यानंतर मी खूप वर्षे काम केले. सूनबाई दुपारी कचेरीत येऊन ताईंकडे टाइप शिकली आणि ताई निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसली. तिच्या हातून एकही नाव लहान अक्षराने गेले नाही. साहेब तिच्या पुढ्यात मसुदा ठेवताना आधी स्वतः एकदा बघत आणि बादलीवरचे मोठे अक्षर स्वतःच खोडत.

मग संगणक आले. ते वाक्याचे पहिले अक्षर आपले आपणच मोठे करतात, असे ऐकतो. चांगले आहे. मी त्यांचा हेवा करत नाही. पण पहाट ही बोट आहे की सकाळ, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागत असेल, असा माझा अंदाज आहे. मला आधी कपाटावर ठेवले, मग जिन्याखाली. तिथे माझ्यावर फाटके झाडू पडले होते. तिथली सहा वर्षे मी मोजली. शेवटी कचेरी रंगवायला काढली तेव्हा कोणीतरी म्हणाले, "शाळेला देऊन टाका, मुलं बघतील तरी." असा मी तुमच्याकडे आलो.

मित्रांनो, मला तुमच्याविषयी तक्रार नाही. दोन-दोन कळा एकदम दाबून तुम्ही माझ्या दांड्या अडकवता, तेही चालेल. अडकलेल्या दांड्या हलक्या हाताने सोडवत जा, ओढू नका, एवढेच. आणि कुठलेही यंत्र कुरकुरू लागले तर 'चालतंय ना अजून' असे म्हणू नका. ते कुरकुरते तेव्हा ते तुमच्याशी बोलत असते.

आता एक शेवटचे. गेल्या आठवड्यात तुमच्या वर्गात एक मुलगी नव्याने आली आहे. तुम्ही सगळे तिला 'ए नवी' म्हणता. नवी, इकडे बस. नवी, सरक. मधल्या सुट्टीत ती एकटी वाचनालयात येते. काल ती माझ्यासमोर उभी राहिली. इकडेतिकडे बघून तिने खिशातला कागद माझ्यात घातला. शिफ्टची कळ आता वयाने जड झाली आहे. तिने ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी, सगळा जोर लावून खाली दाबली. माझी गाडी उचलली गेली. एक मोठे अक्षर उमटले आणि त्याच्यामागे पाच लहान. तिने कागद काढला, त्यावर फुंकर मारली आणि घडी घालून खिशात ठेवला.

तिचे नाव मला माहीत आहे. तुम्ही अजून तिला ते विचारलेले नाही. आज घंटा व्हायच्या आत विचारा.